कोब्यावरची शाई

शाई माणसाने टिकण्यासाठी बनवली. चांगली शाई कोणती? जी पाण्याने जात नाही, उन्हाने उडत नाही, घासून निघत नाही आणि नातवंडांच्या वेळीही वाचता येते ती. पण हीच शाई कागदाऐवजी जमिनीवर सांडली की तिचे सगळे गुण एका क्षणात अवगुण होतात. पिढ्यान् पिढ्या लोकांनी डोकं चालवून जे साधलं, ते आपल्याला एका रविवारी दुपारी उलटं करायचं असतं. तेही किराणा दुकानात मिळणाऱ्या एखाद्या बाटलीत!

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे कोल्हापूरच्या आमच्या घरातली तळमजल्यावरची मोठी खोली. नातेवाईक मंडळींना ती माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. मंगळवार पेठेतल्या या खोलीत थोरल्या काकांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानांची पावती पुस्तकं, खासबागेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, गणपती मंडळांचे अहवाल, असं सगळं तिथे छापलं जायचं. ऑफसेट आणि डीटीपी आलं आणि कोल्हापुरातल्या इतर कितीतरी छोट्या छापखान्यांसारखं आमचंही ट्रेडल मशीन एक दिवस थांबलं. खिळे वजनावर भंगारात गेले. (मोडी लिपी गेली तशी ही अक्षरं मोडीत गेली, असं काका म्हणायचे.) काका गेले, खोली बंद राहिली. आता वहिनीला तिथे शिकवण्या घ्यायच्या आहेत आणि तिची दीड वर्षाची लेक तिथेच रांगणार-खेळणार आहे. खोली स्वच्छ करायला हवी होती. आणि खोलीच्या सिमेंटच्या कोब्यावर होते साठेक वर्षांचे शाईचे डाग.

घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष गवंडीमामांचा. "ताई, कशाला डोस्क्याला ताप करून घ्यायलाय? अ‍ॅसिड वततो, खराट्यानं घासतो, वरनं मशिन मारतो. सांजच्याला आरशागत बघा." दुसरा पक्ष काकूंचा. त्यांचं म्हणणं एकच, "राहू देत की डाग. त्यांच्या हातचे आहेत." मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली (आणि नंतर बँकेत नोकरी केलेली), म्हणून दोन्ही पक्षांनी निवाडा माझ्यावर सोपवला. निवाडा करायचा तर आधी खटला वाचला पाहिजे. म्हणून मी ते डाग वाचायला घेतले आणि हळूहळू लक्षात आलं की एकाच खोलीत निरनिराळ्या काळांच्या निरनिराळ्या शाया पडल्या आहेत.

सुरुवात जुन्या शाईपासून करू या. 'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'वरून आलाय, म्हणजे मुळात काळेपणा. आपल्याकडची जुनी शाई होतीच काळी. दिव्यावर धरलेली काजळी, डिंकाच्या पाण्यात खलायची, झाली शाई. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचं मोडी दप्तर आहे. जुन्या मोडी कागदांवरची अक्षरं अजून काळीभोर दिसतात, ती या काजळीमुळे. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. कार्बनला ऊन काही करत नाही, पाणी काही करत नाही, ब्लीचिंग पावडर तर त्याच्या खिजगणतीत नाही. कारण ब्लीच रंगाचा रेणू मोडून त्याला बिनरंगी करतं. काजळीत मोडण्यासारखा रंगाचा रेणूच नाही, ती निव्वळ काळी माती आहे असं समजा. कागदाला डिंकाने चिकटलेली असते इतकंच.

दुसरं घराणं हिराकशीच्या शाईचं. मायफळासारख्या तुरट गाठीतलं किंवा हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, ही दोन्ही एकत्र आली की काळपट-जांभळा रंग तयार होतो. युरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत दस्तऐवज याच शाईने लिहिले गेले. ती लिहिताना फिकट असते, हवेतला ऑक्सिजन घेत घेत गडद होते. पुढे लिहिताना दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग घालायला लागले आणि 'ब्ल्यू-ब्लॅक' जन्माला आली. लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. टाक आणि फाउंटन पेनवाल्या आमच्या आईवडलांच्या पिढीला हा शब्द नुसता उच्चारला तरी बोटं निळी झाल्यासारखी वाटतात.

आपल्याकडे या शाईला स्वदेशीचाही एक धागा आहे. परदेशी शाईच्या बाटल्यांचं राज्य असताना १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. वडी पाण्यात टाकायची, दौत भरायची. तीच कंपनी पुढे कॅमलिन. पाणी घरचंच वापरायचं असल्यामुळे बाटली आणि वाहतूक दोन्हींचा खर्च वाचतो, ही किती साधी हुशारी!

आणि तिसरं घराणं छापखान्याचं. योहान गुटेनबर्गने पंधराव्या शतकाच्या मध्यावर धातूचे खिळे वापरून छापायला घेतलं, तेव्हा लिहिण्याची पातळ शाई धातूवर धरेना. म्हणून तेलात खललेली शाई आली. जवसाचं तेल उकळून दाट करायचं आणि त्यात काजळी घालायची. जवसाचं तेल 'वाळतं' म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची कातडीसारखी साय होते. मराठी छपाईत ही शाई घरी बनवण्याचा मान गणपत कृष्णाजींकडे जातो. मुंबईत त्यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं आणि शाईपासून खिळ्यांपर्यंत बऱ्याच गोष्टी स्वतःच्या स्वतः जमवल्या. पुढे १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला आणि देवनागरी खिळ्यांना रूप आलं. कोल्हापुरातही विसाव्या शतकात वृत्तपत्रांची परंपरा उभी राहिली; १९३० च्या दशकाच्या अखेरीस ग. गो. जाधवांचा 'पुढारी' आला. मोठ्या छापखान्यांच्या सावलीत काकांसारखे छोटे ट्रेडलवाले पेठापेठांतून पोट भरत राहिले.

शाई झाली. आता जमीन. पूर्वी घरात शेणाने सारवलेली जमीन असायची, तिच्यावर शाई सांडली तर चार दिवसांनी नवा हात फिरला की पाटी कोरी. वाड्यांतून काळ्या दगडाची फरशी, तिच्यावर दौत उपडी झाली तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. मग घाणीत मळलेल्या चुन्याची जमीन आणि शेवटी सिमेंट. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन नीट सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत कोबा मध्यमवर्गीय घरांत आला. गुळगुळीत, थंडगार, पुसायला सोपा.

दिसायला कोबा घट्ट असतो, पण आतून तो चाळणीसारखा आहे. सिमेंटचं पाण्याशी लग्न लागतं तेव्हा जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे केसाहून बारीक नळ्या राहतात. शिवाय या लग्नात चुना सुटतो, त्यामुळे नवा कोबा चांगलाच अल्कधर्मी असतो, जवळजवळ धुण्याच्या सोड्यासारखा. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन वरचा थर मवाळ होत जातो. म्हणजे शाई सांडल्यावर कोबा एकाच वेळी दोन कामं करतो. टीपकागदासारखी ती शोषून घेतो आणि वर तिच्याशी रासायनिक भांडणही काढतो.

या भांडणाचा पुरावा आमच्या खोलीत काकांच्या टेबलाखाली होता. हिशेबाच्या टेबलाखाली तपकिरी डाग, चहा सांडल्यासारखा. सगळ्यांना वाटायचं चहाच. पण काकू म्हणाल्या, "चहा कुठला, ह्यांची दौत पडलेली. निळा डाग होता चांगला हातभर, मग असा झाला." हे ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. ब्ल्यू-ब्लॅक! त्यातले निळे रंग अल्कधर्मी जागी टिकत नाहीत, कोब्यातल्या चुन्याने ते मारले. उरलं ते हिराकशीतलं लोखंड, ते गंजलं आणि डाग तपकिरी झाला. म्हणजे आता तो शाईचा डाग नव्हताच, तो गंजाचा डाग होता. त्यावर शाई काढण्याचा कोणताही उपाय केला असता तरी तसूभर हलला नसता. उलट ब्लीच टाकलं असतं तर लोखंड आणखी पक्कं गंजलं असतं.

डागाचं आजचं रूप फसवं असू शकतं. तो मूळचा काय होता हे कळल्याशिवाय त्याच्यावर काही ओतू नये. डागांच्या बाबतीत मला शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती हीच.

आता गवंडीमामांच्या अ‍ॅसिडकडे येऊ. त्यांचं सगळंच चुकीचं नाही. अ‍ॅसिड टाकल्यावर फेस येतो, डाग फिका पडतो, हे खरं आहे. पण तो फेस कशाचा? हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड शाईला नव्हे तर कोब्यालाच खातं. वरचा गुळगुळीत थर विरघळून वाहून जातो आणि त्याच्याबरोबर थोडी शाई जाते. मागे राहते खरखरीत, आधीपेक्षा जास्त शोषणारी जमीन. पुढच्या वेळी चहा सांडला तरी डाग. खाली लोखंडी सळ्या असतील तर अ‍ॅसिडातल्या क्लोराइडने त्या गंजतात, ते वेगळंच. आणि खरी भीती पुढची आहे. डाग पूर्ण गेला नाही म्हणून कोणीतरी त्याच ओल्या जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाकतं. अ‍ॅसिड अधिक ब्लीच म्हणजे क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर हाच वायू सोडला होता. बंद खोलीत, पंखा बंद, दार लोटलेलं, आणि कोपऱ्यात बसून खराट्याने घासणारा माणूस. कल्पना करा. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र करायचे नाहीत, त्यातूनही विषारी वायू निघतात. हे मी गवंडीमामांना सांगितल्यावर ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "व्हय ओ, एकदा संडास धुताना असंच खोकून खोकून बेजार झालतो." त्यांना कारण पहिल्यांदाच कळलं होतं.

मग काढायचं कसं? याचं उत्तर टीपकागदातच आहे. डाग नळ्यांमध्ये आत गेलाय, तो वरून घासून निघणार नाही. त्याला आतून बाहेर ओढावं लागतं. त्यासाठी लेप. खडूची पूड किंवा मुलतानी माती घ्यायची, त्या शाईला विरघळवणारं किंवा बिनरंगी करणारं द्रव तिच्यात कालवून श्रीखंडाइतकं दाट करायचं, डागाच्या थोडं बाहेरपर्यंत अर्धा सेंटिमीटर जाड थापायचं, वर प्लॅस्टिक घालायचं आणि दिवसभर विसरायचं. मग प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्यायचा. वाळताना तो आतलं द्रव शोषतो आणि त्याच्याबरोबर डाग वर येतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, धुवा, गरज पडली तर पुन्हा. हे काम एका दिवसात होत नाही, तीन-चार दिवस जातात. 'सांजच्याला आरशागत' होणार नाही, पण जमीन शाबूत राहते.

द्रव कोणतं घालायचं ते शाईवर ठरतं. साध्या, पाण्यातल्या रंगाच्या शाईला हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ऑक्सिजन ब्लीच. ते रंगाचा रेणू तोडतं आणि मागे पाणी आणि ऑक्सिजन राहतो. (ऑक्सिजन ब्लीचमध्ये थोडा धुण्याचा सोडाही.) बॉलपेन किंवा मार्करच्या शाईला स्पिरिट, कारण त्या शाया पाण्यात नव्हे, अल्कोहोलसारख्या द्रावकांत मुरलेल्या असतात. मात्र स्पिरिट नुसतं ओतून फडक्याने पुसलं तर डाग पसरतो आणि खोल जातो, लेपातूनच द्यायला हवं. आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. आधी एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून बघायचं, हातमोजे घालायचे, खिडक्या उघडायच्या आणि एक रसायन पूर्ण धुतल्याशिवाय दुसरं आणायचंच नाही.

आमच्या तपकिरी डागासाठी मात्र वेगळा उपाय हवा होता. गंजलेलं लोखंड पाण्यात विरघळत नाही. त्याला आधी विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं. याचं औषध कोल्हापूरकरांना अगदी जवळचं आहे. हायड्रॉस! गुऱ्हाळावर गुळाला पिवळाजर्द रंग यावा म्हणून काही जण टाकतात आणि ज्यावरून एवढी ओरड होते, तीच ती पावडर, सोडियम हायड्रोसल्फाइट. इचलकरंजीच्या रंगाईवाल्यांकडेही हीच 'हायड्रो' म्हणून असते. आधी सोडियम सायट्रेटचं पाणी डागावर मुरवलं, वर चिमूट चिमूट हायड्रॉस आणि त्यावर खडूचा ओला लेप. हायड्रॉस गंजाचं रूप बदलतं आणि सायट्रेट सुटलेल्या लोखंडाला धरून ठेवतं, परत गंजू देत नाही. तीन वेळा केल्यावर काकांची दौत जमिनीवरून जवळजवळ पुसली गेली. (ही पावडर कोरड्या डब्यात ठेवावी लागते. ओल लागली तर तापून पेट घेऊ शकते. आणि अ‍ॅसिडजवळ तर नकोच, घशाला झोंबणारा वायू सुटतो.) गुळातली पावडर खायला नको, पण जमिनीला चालेल, असं वहिनी म्हणाली :-)

हे सगळं फोनवर मावशीला सांगत होते तर ती म्हणाली, "मग आमच्या शाळेतल्या डागाचं काय ते सांग." मावशी शिक्षिका होती आणि सगळ्या शिक्षकांप्रमाणे निवडणुकीची ड्युटी तिच्याही नशिबी होती. एका निवडणुकीत तिच्या केंद्रावर बोटाला लावायच्या शाईची कुपी कलंडली. खरं तर ती कलंडू नये म्हणून रुंद डब्यात वाळू घालून कुपी तीन-चतुर्थांश वाळूत रोवायची, अशी केंद्राध्यक्षांना रीतसर सूचना असते. पण त्या दिवशी डबा नव्हता की वाळू नव्हती, कोण जाणे. संध्याकाळी जांभळट दिसणारा डाग दुसऱ्या दिवशी खिडकीतलं ऊन पडल्यावर काळाकुट्ट झाला आणि मावशी निवृत्त झाली तरी तो वर्गात तसाच होता.

ही शाई म्हणजे भारतीय लोकशाहीची खास वस्तू. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ती तयार केली आणि म्हैसूर संस्थानच्या महाराजांनी १९३७ साली काढलेल्या रंगांच्या कारखान्याला ती बनवायचा परवाना मिळाला. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्या बोटांवर आहे. तिचा जीव सिल्व्हर नायट्रेटमध्ये, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेल्या चांदीत. उजेड लागला की त्यातून चांदीचे सूक्ष्म कण सुटतात आणि ते काळे दिसतात. कोल्हापूरला चांदी नवी नाही, हातकणंगल्याजवळच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. आणि चांदी-उजेडाचा हा खेळही नवा नाही. बाबूराव पेंटरांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली 'सैरंध्री' दाखवला, त्या फिल्मवरची चित्रं याच चांदीच्या क्षारांनी काळी-पांढरी झालेली.

त्यामुळे उपायही फोटोवाल्यांकडूनच येतो. डाग ताजा असेल तर अमोनियाचा लेप लागू पडतो. पण उजेडाने एकदा धातूरूप चांदी झाली की अमोनिया हात टेकतो. मग आधी आयोडीन लावून चांदीचं आयोडाइड करायचं आणि ते फोटोग्राफरच्या हायपोमध्ये विरघळवून धुवायचं. एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफर हाताचे असे डाग चक्क सायनाइडने काढत आणि त्यात काहींचे जीव गेले. हायपो बिचारा निरुपद्रवी. पण इथेही एक लक्ष्मणरेषा आहे. आयोडीन आणि अमोनिया कधीच एका ठिकाणी नाहीत, त्यांच्यापासून बनणारा पदार्थ वाळला की नुसत्या स्पर्शाने स्फोट होतो. चांदी विरघळलेलं अमोनियाचं पाणीही साठवायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवून टाकायचं. मी मावशीला म्हटलं, शाळेतल्या डागावर एक चटई टाका. मुलांच्या वर्गात एवढे प्रयोग नकोत. तीही म्हणाली, "राहू दे बाई, मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला उपयोगी पडतो."

राहता राहिला मुख्य डाग, ट्रेडल मशीनच्या जागेचा. परातीएवढा काळा आणि भोवती तेलाचं तपकिरी वलय. जवसाचं तेल आणि काजळी. टर्पेंटाइनच्या लेपाने वलय बरंच गेलं. वरची साय प्लॅस्टिकच्या पट्टीने निघाली. पण नळ्यांमध्ये बसलेली काजळी जिथल्या तिथे. पेरॉक्साइड, साबण, कशाचाच उपयोग नाही. होणारही नव्हता. मोडी दप्तर जिच्यामुळे टिकलं तीच ती काजळी. ती काढायची तर कोबाच खरवडावा लागेल, म्हणजे गवंडीमामांचं 'मशिन'. आणि त्यांना मी ठाम नाही म्हटलं ते खोलीतल्या आणखी एका डागामुळे, जो कोणाला डाग वाटतच नव्हता.

खिळ्यांच्या केसेस जिथे होत्या त्या भिंतीलगत कोबा करडा, किंचित चकचकीत दिसतो. ती शाई नाही. छपाईचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे, आणि त्यात सगळ्यात जास्त शिसं. जुळवताना, सोडताना, परत केसमध्ये टाकताना खिळे झिजत आणि ती बारीक पूड खाली पडे. केस साफ करायला काका भात्याने फुंकर मारायचे ते मला लख्ख आठवतं. आम्ही मुलं तिथेच सांडलेले खिळे वेचत बसायचो. साठ वर्षांची ती पूड कोब्याच्या भेगांत बसली आहे. ग्राइंडर फिरवला असता तर शिशाची आणि सिमेंटमधल्या सिलिकाची धूळ मिळून घरभर झाली असती, आणि त्याच जमिनीवर दीड वर्षाचं मूल हात टेकून तेच हात तोंडात घालणार. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती चालतं याचं जागतिक आरोग्य संघटनेचं उत्तर आहे की सुरक्षित अशी मात्राच माहीत नाही.

म्हणून तिथे झाडू बंद, घासणं बंद. ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घेतलं, फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवली, भेगांमधले अडकलेले खिळे चिमट्याने काढले (एक 'क्ष' आणि दोन अनुस्वार सापडले). त्या सगळ्या बाजूला न घासता वरून फरशी बसवली. गवंडीमामांनीच बसवली, तोंडाला चांगला मास्क बांधून. बाळीला काम पूर्ण होईपर्यंत खाली आणलं नाही.

निवाडा असा झाला. दौतीचा डाग गेला. तेलाचं वलय गेलं. शिशाची जागा फरशीखाली झाकली. परातीएवढी काजळी तशीच आहे, तिच्यावर सीलरचा एक पारदर्शक हात दिला आहे. काजळीपासून आता कोणाला धोका नाही आणि काढायला गेलं तर मात्र आहे, एवढं साधं गणित. काकूंना वाटतं मी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी रसायनशास्त्राच्या बाजूने दिला होता, पण ते त्यांना सांगितलं नाही.

असो. मोठ्या सुट्टीत कोल्हापूरला येणाऱ्यांनी खाली डोकावून जा. आणि कोणाच्या घरी जुन्या छापखान्याची खोली असेल तर अ‍ॅसिडची बाटली उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, इथे नक्की काय सांडलं होतं. ते माणूस आहे तोवरच कळतं.